दारातलं स्टूल

१४ ऑक्टोबर

प्रिय वन्सं, नमस्कार.

पोचल्याचं पत्र लगेच टाकते म्हणाले होते आणि टाकायला महिना लावला. रागवा. पण खरं सांगू का, लिहिण्यासारखं काही घडायलाच महिना लागला.

बोक्या सकाळी लवकर ऑफिसला जातो, सूनबाई त्याच्या पाठोपाठ. जातात म्हणजे कसे, ते ऐका. स्वयंपाकघरातलं एक दार उघडलं की गॅरेज. तिथे गाडीत बसायचं, बटण दाबलं की समोरची भिंत वर जाते, गाडी बाहेर, भिंत खाली. संध्याकाळी उलटं. घरातल्या माणसाचा पाय रस्त्याला लागतच नाही. समोरचे तसेच, बाजूचे तसेच. अख्खी आळी येते-जाते आणि कुणी कुणाचं तोंड बघत नाही. अमेरिकेत घरं मोठी म्हणून आपण केवढं कौतुक करायचो! मोठी आहेत हो. मला दिलेल्या खोलीत आपलं सगळं घर मावेल आणि वर पाहुण्यांना गादी घालता येईल.

शांतता इतकी, की फ्रिज घुरघुरायला लागला की मला सोबत वाटते. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ऐकायला काही नाही. आपली जोडी जमवणाऱ्याने विचार करूनच जमवली असणार.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. तुमचे दादा गेल्यावर सहा वर्षं मी तुमच्याकडे राहिले. रोज उठल्यावर पहिलं काम कुठलं? दार उघडायचं आणि तुमचं ते टेलिफोन एक्स्चेंजमधलं स्टूल दाराला लावून ठेवायचं. तुम्हाला बेल ऐकू येत नाही म्हणून केलेली सोय, पण मजल्यावरच्या चारही घरांना तिची सवय होऊन गेली. स्टूल दारात दिसलं की दोघी म्हाताऱ्या ठीक आहेत. एकदा आपण उशिरा उठलो तर समोरचे कंपाउंडर ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन दारात हजर, आठवतं ना?

तर इथे सवयीने मी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल उचललं, पुढचं दार उघडलं आणि पायरीवर नेऊन ठेवलं. जरा बरं वाटलं. आत जाऊन भाजी चिरली, परत येऊन बघते तर स्टूल गायब! दिवसाढवळ्या! संध्याकाळी बोक्या पोट धरून हसला. म्हणाला, "आई, इथे नको झालेली वस्तू लोक घराबाहेर ठेवतात. ज्याला हवी तो घेऊन जातो. तूच दान केलंस ते." मग दार उघडं ठेवण्यावरून मला अर्धा तास समजावलं. घरातली ऊब बाहेर जाते, अलार्म वाजतो, पोलीससुद्धा येतात म्हणे. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

एक काळजीचं आहे. बोक्या माझे इथे कायम राहायचे कागद करायचे म्हणतो. मला मार्चअखेरपर्यंत राहता येतं, त्याच्या आत सही करायची. एकदा कागद दाखल झाले की ते पुरे होईपर्यंत इथून हलायचं नाही, आणि किती दिवसांत होतील ते कुणी सांगत नाही. मधेच हललं की सगळं रद्द. मी म्हटलं, बघू.

मजल्यावरचं सगळं लिहा. अगदी बारीकसारीक लिहा. फोन करा असं म्हणत नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून तुमचे कान गेले आणि त्या यंत्राचा तुम्हाला आलेला वीट मला माहीत आहे.

तुमची वहिनी


६ नोव्हेंबर

ती. वहिनी, सा. न.

स्टूल दान केल्याचं वाचून इतकी हसले, की कुणी बघितलं असतं तर म्हातारी कामातून गेली म्हणालं असतं. तुम्ही तिथे जाऊनही सुधारणार नाही हे मी बोक्याला आधीच सांगितलं होतं.

आधी कामाचं. यापुढे पत्रं कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानावर पाठवा, पत्ता मागे लिहिलाय. नवा पोस्टमन वर चढायचा कंटाळा करतो, पत्रं जिन्यातच टाकून जातो. इस्त्रीवाला नीट सांभाळून ठेवेल.

मजला आहे तसा आहे. कंपाउंडर सकाळी कामावर जाताना डोकावतात आणि "काय ताई, आहात ना?" म्हणतात. एवढं मला ओठांवरून कळतं. ट्यूशनवालीची पोरं जिन्यात चपलांचा ढीग घालतात आणि त्यात ती स्वतःच अडखळते. ड्रायव्हरची बायको पाणी आलं की माझ्या स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून जाते, मला सांगतसुद्धा नाही. त्यांच्या धाकट्याने परवा चेंडू मारून आपला बाहेरचा बल्ब फोडला. मी त्याला धरून आणलं तर उलट मलाच म्हणाला, आजी, बल्ब मधे आला.

बाकी शहराचं काय सांगायचं? तुम्हाला तिथे माणूस दिसत नाही, इथे माणसांशिवाय काही दिसत नाही. बस येते ती भरूनच येते आणि थांबते ती थांब्याच्या पुढे. रस्ता ओलांडायचा तर गाड्यांचे भोंगे मला ऐकू येत नाहीत, म्हणून मी कुणाच्या तरी आडोशाने ओलांडते. त्याला वाटतं म्हातारी ओळखीची आहे. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं तर काजळ लागतं. डॉक्टरकडे नंबर लावायला गेले तर माझ्या पुढे अख्खा मोहल्ला. तुम्ही गेलात ते चांगलं झालं असंच मी म्हणेन. मोकळी हवा आहे, मुलगा जवळ आहे, सून दुष्ट नाही. आणखी काय हवं असतं हो या वयात?

कागदांवर सही करून टाका. बघू-बघू करत बसू नका. माझी काळजी करायला इथे सगळा मजला आहे.

तुमची वन्सं


२८ नोव्हेंबर

प्रिय वन्सं, नमस्कार.

स्टूल परत आलं!

समोरच्या घरात एक बाई एकट्या राहतात. वय आपल्याएवढंच, चाकाच्या काठीवर, म्हणजे पुढे टोपली असलेल्या वॉकरवर, रेलून चालतात. बोक्या सांगतो, आयुष्यभर शाळेची बस चालवली. मी त्यांना बसवाल्या बाई म्हणते. स्टूल त्यांनीच नेलं होतं. एक पाय डुगडुगत होता म्हणून टाकून दिलं असेल असं त्यांना वाटलं. घरी नेऊन पाय ठोकला, खाली रबर लावलं. पण मग मी रोज दारात उभी राहून त्या रिकाम्या पायरीकडे बघतेय हे त्यांनी खिडकीतून बघितलं आणि त्यांना काय उलगडलं कोण जाणे, स्टूल काठीच्या टोपलीत आडवं घालून आणून दिलं. मला त्यांचं बोलणं कळेना, त्यांना माझं. त्यांच्या कोटाची बाही बोटांच्या खाली लोंबत होती. मी हात धरून आत नेलं, कोट उतरवून घेतला आणि बाही तिथल्या तिथे आखूड करून दिली. शिवणक्लास उगाच नाही चालवला.

आता तडजोड अशी, की दार बंद आणि स्टूल बाहेर पायरीवर. बोक्या म्हणतो ठेव बाई. सकाळी मी स्टूल ठेवते, बसवाल्या बाई त्यांच्या खिडकीतून हात करतात, मी हात करते. झालं आमचं दिवसभराचं बोलणं. याला काय शेजार म्हणायचा? कंपाउंडरांना निदान मी घरातली कोथिंबीर संपलीय एवढं तरी सांगू शकत होते.

चालायला जाते. फूटपाथ आहे, पण मधेच संपतो. पुढे का नाही, ते विचारायलाही कुणी भेटत नाही. दुकानात पैसे घेणारी मुलगी हसून "कशा आहात?" विचारते आणि मी सांगायला सुरुवात करेपर्यंत पुढच्याला विचारते. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला दोरी बांधली तर इथल्या सोसायटीचं पत्र आलं, दिसायला वाईट दिसतं म्हणून. म्हणजे ऊन फुकट जातंय आणि कपडे यंत्रात भाजून निघतात. मी हात टेकले.

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, हसाल. झोप येईना की मी मनातल्या मनात आपला जिना चढते. आधी ट्यूशनवालीच्या चपला, मग कंपाउंडरांच्या घरातला औषधांचा वास, मग आपलं दार. दारापर्यंत पोचले की झोप लागते. पण त्या पोराने बल्ब पुन्हा फोडला? गेल्या वर्षीही फोडला होता ना, आणि तेव्हाही हेच म्हणाला होता?

कंपाउंडरांना फोन लावला होता, लागत नाही. त्यांना सांगा.

सहीचं अजून ठरत नाही. बोक्याचं तोंड बघवत नाही आणि पेन हातात धरवत नाही.

तुमची वहिनी


२० डिसेंबर

ती. वहिनी, सा. न.

पोरं ती पोरंच, पुन्हा पुन्हा फोडणार आणि पुन्हा तेच म्हणणार. कंपाउंडरांनी नंबर बदललाय. नवा विचारून कळवते.

यावेळी थोडक्यात लिहितेय. बसच्या प्रवासाने कंबर धरलीय. कुठला प्रवास म्हणाल, तर असाच, काही कामं असतात.

बसवाल्या बाई भल्या दिसतात. त्यांना शब्द शिकवा, त्यांच्याकडून शिका. माझ्याशी सहा वर्षं हातवारे करून बोलत होतात, तुम्हाला काय अवघड आहे? तुम्ही नाक मुरडता आणि मग माणसं नाहीत म्हणता, ही तुमची जुनी खोड.

तुमची कॉट हलवलेली नाही. संध्याकाळी तिच्यावर ऊन येतं तेव्हा मी तिथे जाऊन बसते. मजल्यावर सगळे खुशाल. ट्यूशनवालीने विचारलंय तुम्हाला.

सही करा. मी दर पत्रात हेच लिहिणार आहे.

तुमची वन्सं


१४ जानेवारी

प्रिय वन्सं, नमस्कार.

मी सही करत नाही. मार्चच्या पंचवीस तारखेचं तिकीट काढायला सांगितलंय.

रागवायच्या आधी ऐकून घ्या. इथे चार दिवस बर्फ पडत होता. घरं, झाडं, गाड्या, सगळ्यांवर एकच पांढरी चादर. बोक्या-सूनबाई आपापल्या खोल्यांत दारं लावून कॉम्प्युटरवर काम करत होती. म्हणजे माणसं घरात, आणि तरी घर सुनं. जेवायला या म्हणून हाक मारली तर सूनबाईने हसून ओठांवर बोट ठेवलं, मीटिंग चालली होती. तिची चूक नाही हो. रात्री तिनेच मला पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. पण त्या क्षणी मला इतकं रडू आलं, की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी बोक्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तिथे तुझं काय आहे आता?"

मी म्हटलं, "मजला आहे."

"मजला म्हणजे काय? चार दारं."

"हो, चार उघडी दारं. तुझ्या या अख्ख्या रस्त्यावर मला एक दाखव."

मग म्हणाला, "एकदा गेलीस की तुला परत आणायला किती वर्षं लागतील मला माहीत नाही. तुझं काही झालं तर मी तिथे वेळेवर पोचणार नाही. हे समजून जा." माझा जीव तुटला, खोटं कशाला सांगू? पण मी म्हटलं, तू पोचला नाहीस तरी कंपाउंडर पोचतील. तुमच्या पत्रांच्या जोरावर बोलले मी हे. ती पत्रं नसती तर इतकी हिंमत मला झाली नसती.

कॉटवर ऊन येतं म्हणजे समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी पाडली वाटतं. बरं झालं. तिने आपली सगळी संध्याकाळ अडवली होती.

माझं स्टूल बसवाल्या बाईंना देऊन येईन. आपल्या दारात आपलं आहेच.

तुमची वहिनी


१६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. रुसला असाल तर रुसल्याचं तरी कळवा. कंपाउंडरांचा नवा नंबरही तुम्ही दिला नाहीत. माझा जीव टांगणीला लागलाय. दोन ओळी लिहा.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. वहिनी, सा. न.

अक्षर वाकडं आलंय, कारण पडून लिहितेय. खुबा मोडला. ऑपरेशन झालं. इथे वॉर्डात इतकी माणसं आहेत की दोन खाटांमधून नर्स तिरकी होऊन चालते.

मी निरोप धाडला तेव्हा तुमचं जानेवारीचं पत्र इस्त्रीवाल्याने परवा इथे आणून दिलं. वहिनी, येऊ नका. तुम्ही ज्या मजल्यावर यायला निघालात तो मजला नाही.

तुम्ही गेलात आणि पंधरा दिवसांत महापालिकेने इमारतीवर धोकादायक म्हणून बोर्ड लावला. महिन्याच्या आत आम्हाला बाहेर काढलं आणि ती पाडलीसुद्धा. कंपाउंडर मुलीकडे दुसऱ्या गावी गेले. ट्यूशनवाली कुठे गेली मला माहीत नाही. ड्रायव्हरच्या बायकोने जाताना माझ्या गळ्यात पडून काहीतरी सांगितलं, पण ती रडत होती त्यामुळे ओठ वाचता आले नाहीत. मला शहराच्या पार टोकाला एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर खोली मिळाली. तुमच्या कॉटवर ऊन येतं ते तिथे. पत्रं घ्यायला मी आठवड्याला बसने इस्त्रीवाल्यापर्यंत यायची, म्हणजे पाकिटावरून तुम्हाला कळू नये.

मी तुम्हाला जे लिहिलं ते सगळं खरं घडलेलं होतं, फक्त ते तुम्ही असताना घडलं होतं. बल्ब एकदाच फुटला. मला वाटलं, मागे एक दार उघडं आहे एवढं माहीत असलं की तुम्ही तिथे निवांत बसाल आणि सही कराल. इमारत गेली कळलं असतं तर माझ्या काळजीने धावत आला असतात. झालं उलटंच. माझ्या लिहिण्याने तुम्ही बोक्याला तोडून निघालात.

टॉवरमध्ये खोलीचं दार आपोआप लागतं, त्याला स्प्रिंग आहे. स्टूल लावून ठेवलं तर वॉचमन येऊन काढतो, आग लागली तर वाट मोकळी हवी म्हणून. खाली कुणी आलं की इंटरकॉम वाजतो म्हणे. तो मला कधी ऐकू आला नाही, त्यामुळे माझ्याकडे कुणी आलं होतं की नाही तेही मला ठाऊक नाही.

मी बाथरूममध्ये पडले. हाका मारल्या. त्या किती मोठ्या होत्या ते मला कळत नव्हतं, पण घसा सुजला म्हणजे मोठ्याच असणार. बादलीचा नळ उघडा राहिला होता. दोन दिवसांनी खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून पाणी गळायला लागलं आणि ते भांडायला वर आले. दार कुणी उघडेना म्हणून कुलूप तोडलं. छत गळलं नसतं तर हे पत्र तुम्हाला आलं नसतं. त्यांच्यावर राग नाही, त्यांनीच इथे आणलं.

अजून वेळ आहे, सही करा. माझं ऐका एकदा तरी. माझ्यासारखं पडून राहायचं तुमच्या नशिबी येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

तुमची वन्सं


७ मार्च

वन्सं,

हे पत्र माझ्यानंतरच तुम्हाला मिळेल. मी बुधवारच्या विमानाने निघतेय, तिकीट अलीकडचं करून घेतलं. पण यातलं तोंडावर बोलायला मला जमणार नाही, आणि बोलले तरी तुम्हाला ऐकू जाणार नाही. म्हणून लिहून ठेवते.

तुम्ही मला फसवलंत. माझ्या डोळ्यांत पार धूळ फेकलीत. मी रोज जो जिना चढून झोपत होते तो पाडून टाकलेला होता, आणि मी आपली त्या ढिगाऱ्यावर चढतेय. केवढं हसला असाल मला! नाही, हसला नसाल. तुम्ही बसमध्ये उभ्या राहून, कंबर धरून माझी पत्रं आणायला जात होतात. हे आठवलं की मला तुमच्यावर रागावताही येत नाही, आणि त्याचा आणखी राग येतो.

पत्र मिळालं त्या रात्री झोपले नाही. सकाळी उठलेच नाही. बोक्या-सूनबाई नेहमीसारखी गॅरेजमधून निघून गेली, त्यांना वाटलं आई निजलीय. स्टूल ठेवायचं सुचलं नाही. थोड्या वेळाने बेल वाजली. वाजत राहिली. मग दारावर थापा. उघडलं तर बसवाल्या बाई. बर्फात चाकं रुततात म्हणून काठी रस्त्यातच टाकून, कठडा धरत आल्या होत्या. पायात घरातल्या सपाता. त्यांनी पायरीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि माझे दोन्ही दंड धरून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी त्यांच्या कोटात तोंड खुपसून रडले. त्यांना एक शब्द कळला नाही. त्यांनी चहा करून दिला, अगदी पाणचट.

वन्सं, एवढ्या मोठ्या शहरात, वर-खाली-बाजूला माणसं असताना तुम्ही दोन दिवस ओल्या फरशीवर पडून होतात. आणि या ओसाड रस्त्यावर मी अंथरुणात जरा उशिरापर्यंत राहिले तर माझ्यासाठी एक म्हातारी सपाता घालून बर्फातून आली. मी मेली तिला शेजार म्हणायला तयार नव्हते.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. सही करायला हवी होती. बोक्याने कागद पुन्हा समोर ठेवले आणि मी ते परत सारले. तो नुसता माझ्या पायाशी बसून राहिला. मी मजल्यासाठी येत नाहीये, मजला गेला खड्ड्यात. तुम्हाला उठवून बसवायला कुणीतरी लागेल, केस विंचरायला लागेल, ओठ हलवून बोलायला लागेल. ते काम माझं आहे आणि मी ते दुसऱ्या कुणाला देणार नाही.

तोवर वाट बघा.

वहिनी


४ एप्रिल

चि. बोक्या, अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला आत्या गेली एवढंच सांगता आलं. बाकीचं लिहिते.

मी बॅग घेऊन विमानतळावरून सरळ दवाखान्यात गेले. तिच्या खाटेवर दुसरी बाई होती. मला वाटलं वॉर्ड चुकला. छातीत कफ भरला आणि मी विमानात असताना ती गेली. माझी वाट बघायला तिला माहीतच नव्हतं मी येतेय ते. मी तिला लिहिलेलं शेवटचं पत्र परवा इस्त्रीवाल्याने माझ्याच हातात दिलं, बंद पाकीट. त्याला कळेना काय करावं, मलाही कळलं नाही. घेऊन आले.

आता मी तिच्या खोलीत आहे. दोन कॉट आहेत. माझ्या कॉटवर नवी चादर घातलेली होती, घडी न मोडलेली. संध्याकाळी ऊन येतं, तिने लिहिलं होतं तसं. एवढं एकच तिने खरं लिहिलं होतं बघ. बाहेर लांबच लांब बोळ आहे आणि दोन्ही बाजूंना बंद दारं. आत माणसं राहतात हे चपलांवरूनही कळत नाही, चपला बाहेर ठेवायला मनाई आहे. पहिल्या सकाळी मी तिचं स्टूल दारात लावलं. वॉचमन आला, नमस्कार करून म्हणाला, "आजी, नियम आहे," आणि स्टूल आत ठेवून गेला. वाईट नाही बिचारा. मी दार लावून घेतलं.

तू विचारशील म्हणून सांगते, मी जेवते. परत आणण्याची घाई करू नकोस, ते तुझ्या हातात नाही हे मला माहीत आहे. तू मला आधीच सांगितलं होतंस.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तू म्हणालास, मी निघाले त्या दिवसापासून बसवाल्या बाई रोज दाराशी येऊन बेल वाजवतात, बेलमधल्या कॅमेऱ्यामुळे तुला ऑफिसात फोनवर दिसतं. पहाटेच्या घाईत मी त्यांना सांगून आले नाही. त्यांच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता आणि मला शब्दही येत नव्हते. स्टूल त्यांना द्यायचं ठरवलं होतं, तेही राहिलं. त्यांना वाटत असेल मी आत पडलेय.

तू रोज निघताना ते स्टूल पायरीवर ठेवत जा, म्हणजे त्या निवांत राहतील.

वरची ओळ खोडलीय, पण तुला वाचता येईल. नको. ठेवू नकोस. आत्यानेही तिच्या पत्रांतून माझ्यासाठी असंच स्टूल ठेवलं होतं, माझ्या भल्यासाठी, आणि आम्ही दोघी त्याला फसलो. माणूस आत नसेल तर स्टूल बाहेर ठेवू नये.

त्यापेक्षा तू स्वतः जा. गॅरेजमधून नको, पुढच्या दाराने नीघ आणि रस्ता ओलांड. सांग, आई परत गेली, धडधाकट आहे, आता लवकर येणार नाही. मी केलेल्या बाहीकडे बघ, शिवण उसवली असेल तर सूनबाईला सांग. मग ते स्टूल त्यांना दे. म्हणावं, सकाळी उठलात की हे तुमच्या पायरीवर ठेवा.

आणि तू ऑफिसला निघालास की त्यांच्या घरासमोर गाडी जरा हळू कर आणि पायरीकडे बघ. स्टूल दिसलं नाही तर उतर.

तुझी आई